तोंडी घाट

मोटारगाड्यांवरून भांडणारी माणसं बिनडोक असतात, असं माझं फार दिवसांचं मत. पुढे मीही त्यांच्यात जाऊन बसले, तरी मत बदललं नाही. त्या बिनडोकांत एका बाईची भर पडली एवढंच.

आमचा कंपू चौघांचा. पोलादपूरला हायवे सोडून महाबळेश्वरच्या रस्त्याला वळलं, की थोडं पुढे एक चहाची टपरी आहे. खरा घाट तिथून बराच लांब, पण घाटाची हवा लागायला लागते. रविवारी सकाळी आम्ही तिथं जमायचो. पोलादपुरात स्पेअर पार्ट्सचं दुकान असलेले एक गृहस्थ, त्यांना सगळे शेठ म्हणायचे. महाडच्या एमआयडीसीत नोकरी करणारा एक इंजिनिअर. बरीच वर्षं मुंबईत काढून परत आलेला, त्यामुळे वाक्यात एक तरी इंग्रजी शब्द टाकल्याशिवाय त्याच्या घशाखाली चहा उतरत नसे. तिसरी मी. आणि चौथे सर.

सर आमच्याच शाळेत विज्ञान शिकवायचे, मी मराठी शिकवते. ते निवृत्त झाले तरी मी त्यांना सर म्हणत राहिले आणि ते मला बाई. मूळचे उमरठच्या बाजूचे, घरची भातशेती, घराणं मोठं. मी महाडच्या बुद्धवाडीतली, वडील कारखान्यात हमाली करून गेलेले. आमच्या घरात चार चाकांचं म्हणून काही कधी आलेलं नव्हतं. चाळिशीत मी एक जुनी हॅचबॅक घेतली, तेव्हा स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणालं, "आता काय, बाई हवेत." मी काही बोलायच्या आत सर म्हणाले, "हवेत कशाला, रस्त्यावर येतील. बाई, उद्या सकाळी सवच्या रस्त्याला या."

सवच्या गरम पाण्याच्या कुंडांवर अंघोळीला येणाऱ्या म्हाताऱ्यांची त्या दिवसांत चांगली करमणूक झाली. माझी गाडी धक्के खात बंद पडायची आणि ते ओल्या टॉवेलासकट उभे राहून बघायचे. मला राग यायचा, आणि राग आला की मी क्लच आणखी झटक्यात सोडायचे. सर बाजूला शांत बसायचे. म्हणायचे, "क्लच डाव्या पायानं ऐकायचा असतो बाई. पायाला सांगा, घाई करू नको." वर्गात ढ मुलांशी ते याच आवाजात बोलत, हे मला माहीत होतं, म्हणून आणखी राग यायचा. पण शिकले. सरांनी शिकवलं आणि आलं नाही असं महाडात कोणी नाही.

त्यांची स्वतःची गाडी सेडान होती, टर्बो पेट्रोल. दिसायला अगदी सभ्य, घरगुती. डिकीत तांदळाचं पोतं आणि वर नारळ बसतील, मागे दोघी म्हाताऱ्या पाय पसरून बसतील. आणि उजवा पाय जरा दाबला, की त्याच म्हाताऱ्या देवाचं नाव घेतील. सरांना नेमकं हेच आवडायचं. "घरच्या माणसांना घेऊन जोरात जाता येतं, तीच खरी गाडी," असं ते म्हणत. वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, गाड्यांचा तिटकारा होता. त्या गाडीत बसल्या की डोळे मिटून घ्यायच्या आणि घर आलं की उघडायच्या.

आमच्यात एक रीत होती. एखाद्या गाडीवरून वाद पेटला आणि मिटेना, तर जो त्या गाडीचा कैवारी असेल त्यानं घाट म्हणायचा. म्हणजे खरोखरच म्हणायचा, पाढे म्हणतात तसा. टपरीवरून निघून प्रतापगडाच्या फाट्यापर्यंत ती गाडी तोंडानं चालवायची. कुठे तिसरा गिअर, कुठे दुसरा, कुठे हॉर्न, कुठे समोरून एसटी आली तर आत घ्यायची. बाकीच्यांनी ऐकायचं आणि चूक पकडायची. "तिथं तिसऱ्यात ही गाडी मान टाकील," असं कोणी म्हणालं आणि बाकीच्यांना पटलं, की म्हणणारा हरला आणि चहा त्याच्यावर. वळणांना आम्ही आमचीच नावं दिली होती. आरशाचं वळण, माकडांचं वळण, दरडीचं वळण. एकाचं नाव बाईचं वळण, कारण शिकाऊ दिवसांत तिथं माझी गाडी मागं मागं सरकली होती आणि मागच्या टेम्पोवाल्यानं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. शाळेत तोंडी परीक्षा असते तसा हा आमचा तोंडी घाट.

सर त्यात कधी हरत नसत. ते घाट म्हणायला लागले की टपरीवरची दुसरी गिऱ्हाईकंही गप्प व्हायची. डावा पाय बाकाखाली हलायचा, डावा हात हवेत गिअर टाकायचा. "आता आरशाचं वळण. आरशात कोणी नाही. दुसरा. टर्बो जागा झाला. सोडू नका त्याला..." मी तर टपरीवर बसल्या बसल्या बाकाची कड धरून ठेवायचे.

मग कंपनीनं सरांच्याच गाडीची सुधारलेली आवृत्ती काढली आणि आमच्यात महाभारत सुरू झालं.

नव्या गाडीचं नाक बदललं होतं. मागचे दिवे या टोकापासून त्या टोकापर्यंत जोडून टाकले होते. एसीची बटणं गेली, सगळं एका मोठ्या पडद्यावर आलं. हँडब्रेकचा दांडा गेला, त्या जागी एक छोटं बटण आलं. गाडी आता स्वतःच पुढचं वाहन बघून ब्रेक लावणार होती आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे बघून स्वतःच सरळ राहणार होती. इंजिन तेच, ताकदीचं. पण त्या इंजिनाबरोबर हातानं टाकायचे गिअर मिळणार नव्हते. ताकद पाहिजे तर ऑटोमॅटिकच घ्या.

"तोंडाला पावडर फासली म्हणून म्हातारी नवरी होत नाय," शेठ म्हणाले.

"शेठ, लूक्सचं सोडा," इंजिनिअर म्हणाला. "मॅन्युअलच काढून टाकला यार. ह्या ऑटोमॅटिकमध्ये ड्युअल क्लच हाय, दोन क्लच. ट्रॅफिकमध्ये घाट चढताना हीट होणार म्हणजे होणार."

मी म्हटलं, "घाटात काचेवर धुकं धरलं, तर मी त्या पडद्यावर बोटं फिरवत बसू? आणि पांढरे पट्टे बघून चालणार म्हणे. आपल्या घाटात पट्टे आहेत कुठे? ती बिचारी काय बघणार?"

आम्ही तिघंही सरांकडे बघायला लागलो. आता ते तोंड उघडतील आणि त्या नव्या गाडीचं श्राद्ध घालतील याची आम्हाला खात्री होती. ऑटोमॅटिकला ते बाबागाडी म्हणत आले होते. सरांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "मला आवडली ती."

आम्हाला वाटलं, चेष्टा करताहेत. पण नाही. ते गंभीरपणे बोलत राहिले. दोनच पॅडल, त्यामुळे लक्ष रस्त्यावर राहतं. गाडी स्वतः ब्रेक लावते, म्हणजे आपण चुकलो तरी ती चुकत नाही. शेठ म्हणाले, "फितूर झालात काय सर? गनिमाला मिळालात?" आणि मग चढ्या आवाजात, "घाट म्हणा. म्हणा त्या बाबागाडीचा घाट."

सर म्हणाले, "तिचा नको. माझ्या गाडीचा म्हणतो. गिअर टाकण्यात किती वेळ फुकट जातो तेच बघा." आणि सुरू झाले. नेहमीसारखेच, हात हवेत, पाय हलतोय. आरशाचं वळण झालं, माकडांचं वळण झालं, आणि मग ते म्हणाले, "आता आरशाचं वळण."

आम्ही हसत सुटलो. "सर, परत फिरलात काय? घरी काय इसरलं?" शेठ म्हणाले. सरही हसले. म्हणाले, "म्हणून तर सांगतो, ऑटोमॅटिक घ्या. गिअरच नाहीत तर चुकायचं काय?" त्यांनी वादाला छान कलाटणी दिली असंच आम्हाला वाटलं. पहिल्यांदाच हरले म्हणून चहा त्यांनी पाजला.

त्यानंतर बरेच रविवार हाच वाद चालला. शेठ खरोखर दुखावले होते. त्यांचं दुकान क्लच प्लेटा विकून उभं राहिलेलं. पण दुखावण्याचं कारण ते नव्हतं. सरांनी घाट म्हणायला नकार द्यावा हे त्यांना सहन होत नव्हतं. सर आता घाट म्हणतच नसत. विषय आला की नव्या गाडीकडे वळवत.

आणि वहिनी यायला लागल्या. ज्या बाईनं जन्मभर गाडीत डोळे मिटले, ती दर रविवारी पुढच्या सीटवर बसून पोलादपूरपर्यंत यायची आणि आमच्या बाकाच्या टोकाला बसून सगळा वाद ऐकायची. आम्ही चेष्टा केली. "वहिनींना पण येड लागलं गाडीचं," शेठ म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "लागलं बाबा. तुमच्या संगतीनं." गाडीत आता त्यांचे डोळे उघडे असायचे, हे मी पाहिलं होतं. माणूस उतारवयात बदलतो म्हणतात, तसं असेल असं मला वाटलं.

मार्चमध्ये चवदार तळ्यावर माणसं येतात तेव्हा महाडचे रस्ते बदलतात. कुठे कठडे लावतात, कुठे एकेरी वाहतूक करतात. मी दरवर्षी वाडीतल्या बायकांबरोबर पाणी वाटायला असते. त्या दिवशी दुपारी पाण्याचे पिंप आणायला गल्लीत गेले, तर सरांची गाडी कडेला उभी. इंजिन चालू, एसी चालू, सर स्टेअरिंग धरून बसलेले. मी काचेवर टकटक केलं. त्यांनी काच खाली केली आणि म्हणाले, "बाई, सगळे रस्ते बदललेत हो." मी म्हटलं, "आज बदलतातच, सर. इथून डावीकडे घ्या, मग शाळेच्या मागून." त्यांनी माझ्याकडे फार वेळ बघितलं. मग गाडी माझ्या हातात दिली आणि बाजूला सरकले. गर्दीनं वैतागले असतील म्हणून मी त्यांना घरी सोडून आले. वहिनी दारातच उभ्या होत्या. चहा घ्या म्हणाल्या नाहीत, हे तेवढं मला खटकलं.

त्यानंतरच्या रविवारी वाद फारच पेटला. सरांनी नवी गाडी बुक करायची म्हटलं आणि शेठ ताडकन उठून गेले. मला चैन पडेना. संध्याकाळी मी सरांच्या घरी गेले, भांडायलाच. सर अंगणात झाडांना पाणी घालत होते. वहिनींनी मला थेट स्वयंपाकघरात नेलं आणि तांदळाच्या पिठाच्या परातीपुढे बसवलं.

"बाई, तुम्ही भांडायला आलात ना? बरं झालं. असंच भांडा," त्या म्हणाल्या. "त्यांना हरवा. ती गाडी नको असं त्यांना वाटलं पाहिजे."

मी म्हटलं, "तुम्हालाही ऑटोमॅटिक नको?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. पीठ मळत सांगितलं, माझ्याकडे न बघता. पुण्याला डॉक्टरांकडे नेलं होतं. स्मरणाचा आजार आहे, वाढत जाणारा. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली. सर ऐकेनात. डाव्या पायाचं काय करायचं ते त्यांना मधूनच आठवेनासं होतं, हे त्यांनी स्वतःच कबूल केलं होतं. मग त्यांनी नवीन गाडीबद्दल वाचलं. डाव्या पायाचं कामच नाही. ब्रेक विसरलो तर गाडी स्वतः लावेल. "ते म्हणतात, हा रोग माझ्या पायात हाय, तो गाडीनं भरून निघेल. डोक्यात हाय म्हटलं की रागावतात." वहिनी थांबल्या. "मी बाजूला बसून डावीकडे, उजवीकडे सांगते, तेव्हा ते घरी येतात. पायाचं काय घेऊन बसलात. त्यांना वाटच सापडत नाय."

बाहेर पाण्याचा आवाज येत होता. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. वहिनींनी पिठाचे हात तसेच ठेवून कोपरानं मला पाणी सरकवलं. "तुम्ही तिघांनी सांगितलं तर ते ऐकतील," त्या म्हणाल्या. "डॉक्टरचं ऐकत नायत, माझं ऐकत नायत. गाडीच्या बाबतीत तुमचं ऐकतील. नवी गाडी वाईट हाय म्हणा, म्हणजे जुनीबरोबर चालवणंच सुटेल. तेवढंच म्हणा."

त्या रात्री मी दोघांना फोन केला. इंजिनिअर नुसताच "शिट यार" म्हणाला. शेठ म्हणाले, "बघू." त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं हरवायला बसलो. तोपर्यंत खरोखर जे वाटत होतं तेच बोलायचं होतं, नवीन काही रचायचंही नव्हतं. तरी जमेना. इंजिनिअरनं क्लच तापण्याचं काढलं. सर म्हणाले, "तू किती तापलेले बघितलेस? स्वतःच्या डोळ्यांनी?" तो गडबडला आणि फोनमध्ये काहीतरी शोधायला लागला. मी म्हटलं, "सर, घाटात गाडी आपल्या हातात पाहिजे. तुम्हीच शिकवलंत ना मला?" सर माझ्याकडे बघून म्हणाले, "हो बाई. पण हातात धरून धरून किती दिवस धरायची?"

मी शेठकडे बघितलं. आता सगळी मदार शेठवर होती. ते सगळ्यांत कडू बोलणारे, त्यांच्याकडे सगळ्यात जास्त मुद्दे. शेठनी चहाचा ग्लास बाकावर गोल गोल फिरवला. वहिनी त्यांच्याकडे बघत होत्या. शेठ म्हणाले, "गाडी चांगली हाय सर. मी उगाच बोल्लो. मस्त हाय."

सरांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. इतक्या दिवसांचा वाद त्यांनी जिंकला होता. वहिनी उठून रस्त्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. परत येताना मी शेठना गाठून वाट्टेल ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "बाई, माझ्या तोंडातनं नाय आलं ते. त्या माणसाला नाय म्हणू कसा मी?"

आता नवी गाडी बघायला बोलावणं आलंच. शेठची शोरूमवाल्यांशी ओळख होती, त्यांनी टेस्ट ड्राइव्हची गाडी महाडला आणायला लावली, घाटात न्यायची परवानगीही काढली. वहिनींनी एकच अट घातली, गाडी मी चालवायची आणि सरांनी बाजूला बसून पारखायची. मला वाटलं, सर भडकतील. पण ते म्हणाले, "बरोबर हाय. गाडी चालवणाऱ्याला कळत नाय, बाजूच्याला कळते." मागे वहिनी आणि शोरूमचा माणूस बसला. तो पोलादपूर येईस्तोवर गाडीचे गुण सांगत होता. सर म्हणाले, "तुम्ही गप्प बसा, गाडीला बोलू द्या." तो गप्प बसला.

टपरी मागे पडली, उमरठचा फाटा गेला. चढ सुरू झाला आणि सर घाट म्हणायला लागले.

कोणी सांगितलं नव्हतं. डावा पाय हलायला लागला, डावा हात मांडीवरून उठला. "पुढे डावीकडे दबलंय, बाहेरून घ्या. आता तिसरा. हॉर्न. दुसरा." समोरच्या पडद्यावर गाडी कितव्या गिअरमध्ये आहे तो आकडा दिसत होता. सर "दुसरा" म्हणायचे आणि आकडा दोन व्हायचा. सर "तिसरा" म्हणायचे आणि गाडी तिसऱ्यात जायची. एकदाही चुकले नाहीत. आरशाचं वळण आलं, माकडांचं आलं, दरडीचं आलं, सगळी आपापल्या जागी. बाईचं वळण आलं तेव्हा ते हसून म्हणाले, "इथं जपा हो, टेम्पो मागे असेल." मीही हसले. आरशात वहिनी दिसत होत्या. त्यांचे डोळे उघडे होते आणि त्या पुढे झुकून सरांच्या तोंडाकडे बघत होत्या.

प्रतापगडाच्या फाट्यावर आम्ही उतरलो. सरांनी गाडीभोवती फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला आणि निकाल दिला. स्टेअरिंग हलकं केलंय, ते त्यांना आवडलं नाही. मागच्या माणसाला दणके कमी बसतात, ते बरं. दिवे जोडलेत ते उगाच. इंजिन अजून तसंच, रागीट. शोरूमचा माणूस मान डोलवत होता. मला आमच्या शाळेतले ते दिवस आठवले, सर तासाला जायचे तेव्हाचे. वहिनी मला बाजूला घेऊन गेल्या.

"सगळं बरोबर सांगितलं ना त्यांनी?"

"सगळं."

"एकसुद्धा चुकलं नाय?"

"नाही वहिनी."

त्यांनी पदर सारखा केला, सोडला, परत सारखा केला. "मग घेऊया का हो बाई?" त्या म्हणाल्या. "मी असेनच बाजूला. डॉक्टर काय, सगळ्यांनाच तसं सांगत असतील." त्या मला विचारत होत्या, आणि मी हो म्हटलं. म्हणताना मला खरंच तसं वाटलं. त्या हवेत, त्या दहा पावलांत आम्हा दोघींना वाटलं की चूक डॉक्टरांचीच.

परत निघालो. मी गाडी उताराला लावली आणि सर बोलायचे थांबले.

आधी मला कळलं नाही. मग कळलं. उतरणीचा घाट आम्ही कधी कोणी म्हटलाच नव्हता. वाद असतो तो चढावाचा, उतरताना काय, सगळ्याच गाड्या पळतात. वर येताना डावीकडे असलेला कातळ आता उजवीकडे होता, दरी दुसऱ्याच बाजूला होती. सरांचा पाय थांबला होता. हात मांडीवर उताणा पडला होता. ते काचेतून बाहेर बघत होते, जत्रेत आल्यासारखे, एकदा इकडे, एकदा तिकडे. बाईचं वळण आलं आणि गेलं. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"हा रस्ता कुठला गो?" त्यांनी मान न वळवता वहिनींना विचारलं.

आरशात वहिनींनी पदर सारखा केला.

"चांगला हाय. दरी बघ केवढी. एवढी वरसं झाली, कधी आणलं नायस मला हिकडं."

"आणलं ना आता," वहिनी म्हणाल्या.

सर खूश झाले. त्यांनी काच खाली केली, बाहेर हात काढला, आणि मग माझ्याकडे वळून अगदी आदरानं म्हणाले, "ड्रायव्हर, जरा सावकाश घ्या. आम्ही पहिल्यांदाच आलोय."

मी गाडी सावकाश घेतली.